पडलेल्या माणसाचं पुढे काय होतं

कोल्हापुरात कमर्शियल आर्ट शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारलंय: "सर, मी पोर्टफोलिओत तलवारीच्या लढाईचं ॲनिमेशन ठेवलं होतं. आमचे शिक्षक म्हणाले, हात चांगला आहे तुझा, पण ह्या मारधाडीच्या मोठ्या गेम्स म्हणजे नुसता पैशाचा खेळ, त्यात कलेचा प्रौढपणा येणंच शक्य नाही. खरं आहे का हे? मग मी हे शिकू की सोडून देऊ?"

शिक. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. पण तुझे शिक्षक अगदीच चुकीचं बोलले असंही मी म्हणणार नाही. बारा वर्षं मी पुण्यात परदेशी गेम्ससाठी ॲनिमेशन केलं आणि त्यातली निम्मी वर्षं माझ्याकडे एकच काम होतं: वार लागल्यावर माणसं कशी पडतात ते करायचं. त्यामुळे त्यांची शंका कुठून येते ते मला आतून माहीत आहे.

आधी एक शब्द बाजूला काढू. अमेरिकेत १९९४ पासून गेमच्या डब्यावर वयाचे शिक्के मारतात. त्यातला सतरा वर्षं आणि त्यावरच्यांसाठीचा शिक्का 'मॅच्युअर' असा आहे. रक्त, शिव्या, नग्नता बरीच असली की तो लागतो. आपल्याकडची पोरंही 'मॅच्युअर गेम' म्हणताना तेच धरून बोलतात. तो शिक्का खेळणाऱ्याच्या वयाचा आहे, गेमच्या समजेचा त्याच्याशी काही संबंध नाही. रक्त जास्त म्हणून कुठली गेम मोठी होत नाही, आणि रक्त आहे म्हणून लहानही ठरत नाही.

आता कामाचं बोलतो. लढाईचा एक वार आम्ही तीन भागांत करतो: हात मागे जातो ती तयारी, प्रत्यक्ष वार, आणि नंतरचं सावरणं. खेळणाऱ्याच्या पात्राची तयारी अगदी कमी ठेवतात, कारण बटण दाबल्या दाबल्या हात चालला पाहिजे. वार लागला की चित्र दोन-चार फ्रेम तिथल्या तिथे थांबवतात, कंट्रोलर थरथरवतात, आवाज जाड करतात. त्या थांबण्याला हिट-स्टॉप म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम धावणाऱ्या गेममधल्या ह्या दोन-चार फ्रेमवर माणसं आठवडेच्या आठवडे बसतात. वाराची सगळी गोडी तिथे असते, आणि ती मी स्वतः घडवली आहे म्हणून सांगतो, ती गोडी खरी असते.

मार खाणाऱ्याच्या वाट्याला मात्र थोडंच येतं. एक धक्का, एक तोल जाणं, आणि मग रॅगडॉल. म्हणजे सांधे सुटे करून तो देह गणिताच्या हवाली करायचा, तो पायरीवर, कठड्यावर जसा पडेल तसा पडू दे. बऱ्याच गेम्समध्ये प्रेतांची संख्या ठरलेली असते. ती ओलांडली की सगळ्यात जुनं प्रेत, तुझी पाठ फिरली की, गुपचूप नाहीसं होतं. मशीनची मेमरी पुरत नाही, हे त्याचं कारण.

एकदा मला एका पहारेकऱ्याचं मरण करायचं होतं. पोटात तलवार लागते, तो पडतो, संपलं. रेफरन्ससाठी मी कोल्हापूरला आलो. शिवाजी पेठेतला माझा एक मित्र लहानपणापासून मर्दानी खेळ खेळतो, लाठी, तलवार, पट्टा सगळं. त्याच्या आखाड्याच्या अंगणात गादी टाकली आणि त्याला पंचवीस-तीस वेळा पडायला लावलं. मोबाइल तिपाईवर होता. संध्याकाळी क्लिप बघताना एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक वेळी पडल्यावर त्याचा उजवा हात जमिनीवर काहीतरी चाचपत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "हातातली काठी सुटली की आधी ती कुठं गेली तेच बघायचं. तसंच शिकवलंय आम्हाला." त्याच्या ध्यानातही नव्हतं की तो हे करतोय.

मी ते तसंच घेतलं. पहारेकरी गुडघ्यावर येतो, मग बसतो, आणि त्याचा हात फरशीवर तलवार शोधत राहतो. ती वीतभर लांब पडलेली असते. तो मरेपर्यंत हात तिच्यापर्यंत पोचत नाही. चार सेकंदांचं काम होतं. परदेशातल्या गेम कंपनीकडून शेरा आला: फार लांब, खेळणाऱ्याचं लक्ष पुढच्या शत्रूवर हवं. चाराचं पाऊण सेकंद झालं आणि हात गेला. मी भांडलो नाही, कारण त्या गेमच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. तिथे तो माणूस म्हणजे ओलांडायची पायरी होती, आणि पायरीवर कोणी चार सेकंद थांबत नाही.

तेव्हापासून कुठलीही मारधाडीची गेम हातात आली की मी आधी हेच बघतो, की पडलेल्या माणसाचं पुढे काय होतं. गेम त्याला विसरते का? आणि ज्या हाताने बटण दाबलं त्या हाताकडे ते मरण परत येतं का? माझ्या लेखी प्रौढपणाचा प्रश्न इथे सुटतो. मधल्या चित्रफितींत पात्रं किती गंभीर चेहऱ्याने बोलतात त्यावर नाही.

हे मी गेम्सकडून शिकलो असं नाही. करवीर तालुक्यातल्या बीड गावी एकदा जा आणि तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, बघ. खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, कुठे त्याच्याशेजारी गाई. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दगड वाचायचा खालून वर. म्हणजे कारागिराने मरण आधी ठेवलंय आणि लढाई त्याच्यावर. गावच्या लोकांसाठी, गावच्याच पाथरवटाने केलेली ती मारामारीची चित्रं आहेत, आणि त्यांना कोणी पोरकट म्हणत नाही. शेजारी कधी सतीशिळा दिसते: कोपरात वाकलेला एक हात, त्यात बांगड्या. तो हात बघून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. एका माणसाच्या लढाईची किंमत दुसऱ्याच कोणाकडून वसूल झाली, ते त्या दगडावर कोरून ठेवलंय. पण ह्या सगळ्यात एक उणीव आहे. वीराने ज्यांना मारलं त्यांच्यासाठी त्या दगडावर जागा नाही. ते फक्त लढाईच्या चौकटीत, पायाखाली.

मोठ्या गेम्सपैकी एकीने नेमकी ही उणीव भरून काढली. (इथून पुढे काही गेम्सची गोष्ट फुटणार आहे. खेळायच्या असतील तर आधी खेळून ये.)

'द लास्ट ऑफ अस' २०१३ ची. जगात बुरशीची साथ पसरलीय. जोएल नावाचा माणूस एली नावाच्या मुलीला घेऊन अमेरिका पार करतो, कारण तिला लागण होत नाही आणि तिच्यापासून कदाचित औषध बनेल. शेवटी कळतं की औषधासाठी तिचा मेंदू काढावा लागेल. जोएलला हे मान्य नाही. तो हॉस्पिटलभर माणसं मारत शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो. समोर सर्जन आहे, हातात एवढीशी सुरी. इथे गेम तुझ्याकडून कंट्रोलर काढून घेत नाही. तुला हवा तितका वेळ तू उभा राहू शकतोस. पण त्या सर्जनला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्यांदा मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो. दाराकडे जाऊन बघितलं, मुलीला तसंच उचलता येतं का बघितलं. नाही येत. मग दाबलं बटण.

तो सर्जन तेव्हा म्हणजे माझ्यासारख्याच कुणीतरी केलेलं एक बिननावाचं मॉडेल होतं. नंतर २०२० मध्ये दुसरा भाग आला आणि कळलं की त्याला एक मुलगी आहे, ॲबी. ती जोएलला शोधत येते आणि सुरुवातीलाच त्याला मारते. मग निम्मी गेम तू एली होऊन सूडापोटी ॲबीच्या मागे लागतोस, आणि मध्येच गेम तुला ॲबी करते. जिला मारायला निघालास तिचेच दिवस तू जगतोस, तिची माणसं, तिची भीती, तिचा बाप. सात वर्षांपूर्वी ज्या प्रेताला मशीन गुपचूप पुसून टाकू शकलं असतं, त्याला नाव आणि घर मिळालं. आणि ते बटण मी दाबलेलं होतं. पुस्तकातला खून लेखकाने केलेला असतो, सिनेमातला दिग्दर्शकाने. हा माझ्या अंगठ्याने झालेला होता, आणि त्याची आठवण देणारं कोणीतरी सात वर्षांनी दारात आलं होतं. असा परिणाम दुसऱ्या कुठल्याही माध्यमात माझ्या अनुभवाला आलेला नाही.

त्याच भागात आणखी एक बारीक गोष्ट आहे, तू ॲनिमेटर म्हणून ऐक. शत्रूंना नावं आहेत. एकाला मारलं की त्याचा सोबती त्याचं नाव घेऊन ओरडतो. कुत्र्यांनासुद्धा नावं आहेत. ह्यासाठी किती आवाज रेकॉर्ड करावे लागतात, ते जुळवायची यंत्रणा किती खर्चाची असते, ते मला माहीत आहे. चार-पाच जणांच्या स्टुडिओला ते परवडत नाही. म्हणून 'पैसा आला की कला गेली' हे मला पटत नाही. इथे पैसाच मेलेल्यांना नावं द्यायच्या कामी आला. आणि लोकांनी ती नाकारलीही नाही, पहिल्या तीन दिवसांत चाळीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. शिव्याही भरपूर पडल्या, तो भाग वेगळा.

दुसरं उदाहरण कोल्हापूरकराला लवकर कळावं असं आहे. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये आर्थर मॉर्गन हा दरोडेखोरांच्या टोळीतला माणूस आहे. काळ १८९९ चा. टोळी गरिबांना व्याजाने पैसे देते आणि वसुलीला आर्थरला पाठवते. म्हणजे आर्थर हा सावकाराचा माणूस. एका आजारी शेतकऱ्याकडे तो वसुलीला जातो. त्याला बडवायची बटणं तुझ्याकडे आहेत, तूच बडवतोस. तो माणूस खोकतो आणि रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. तू पुढच्या कामाला लागतोस. घोडे, बंदुका, डोंगर, गेम अफाट मोठी आहे, ती वसुली विसरून जायला होतं. कितीतरी तासांनी आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर क्षय सांगतो. तो त्या शेतकऱ्याकडूनच आलेला. तिथून पुढे आर्थर खोकत, वाळत जातो, आणि गेम तुला त्या एव्हाना मेलेल्या शेतकऱ्याच्या बायको-मुलासमोर पुन्हा उभा करते. मरण गेम विसरली नव्हती, तूच विसरला होतास. ही काही कोपऱ्यातली गेम नव्हे. पहिल्या तीन दिवसांत तिने ७२.५ कोटी डॉलरचा धंदा केला.

सावकाराचं नाव निघालं म्हणून तुझ्या शिक्षकांना एक आठवण करून दे. हा वाद आपल्या गावात एकदा होऊन गेलाय. १९२० मध्ये बाबूराव पेंटरांनी इथे 'सैरंध्री' हा सिनेमा केला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर सरकारी कात्री चालली. त्या वेळीही सिनेमाला तमाशा समजणारी शहाणी माणसं होतीच. पाचेक वर्षांत त्याच माणसाने 'सावकारी पाश' केला. त्यात शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात मजूर होतो. काळोखातली झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, त्या दृश्याबद्दल जुने जाणकार लिहून गेलेत. तिथे कोणी कोणाचं पोट फाडत नाही, पण हिंसा कीचकवधापेक्षा जास्त आहे. माणूस तोच होता, गाव तेच. मला तर वाटतं, कीचक इतका खरा मारायला शिकलेला हातच पुढे ती झोपडी चित्रित करू शकला.

आता तुझ्या शिक्षकांची बाजू, कारण ती खरी आहे. मी वर सांगितलेल्या गेम्ससुद्धा अर्धवट प्रौढ आहेत. आर्थर क्षयाने खंगतोय, पश्चात्ताप बोलून दाखवतोय, आणि त्याच दुपारी तू त्याच्या हाताने तीसेक माणसं उडवतोस, ज्यांची नावं कोणी घेत नाही. गोष्ट एक सांगते आणि हात दुसरंच करतात. क्लिंट हॉकिंग ह्या गेम डिझायनरने २००७ मध्येच 'बायोशॉक'च्या निमित्ताने ह्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं, आणि ते अजून बरं झालेलं नाही. कारण सरळ आहे. मोठी गेम चाळीस-पन्नास तास चालवायची तर हाताला सतत काम हवं, आणि ह्या उद्योगाने सगळ्यात जास्त घासून-पुसून तयार केलेलं काम म्हणजे मारणं. बोलणं, माफी मागणं, वाट बघणं, सोडून देणं, ह्यांची बटणं अजून ओबडधोबड आहेत. ती नीट केली तर काय होतं ते पोलंडच्या 'धिस वॉर ऑफ माइन'ने २०१४ मध्ये दाखवलं. बोस्नियातल्या साराएवो शहराला पडलेल्या लष्करी वेढ्यावरून सुचलेली गेम, त्यात तू सैनिक नसून उपाशी नागरिक आहेस. पण ती छोटी गेम आहे. मोठ्यांना अजून तेवढं धाडस होत नाही.

आणि काही गेम्स प्रौढपणाचा आव आणतात, त्यांपासून सावध राहा. २०१२ च्या 'स्पेक ऑप्स: द लाइन'चं फार कौतुक होतं. दुबईच्या वाळूत तू पांढरा फॉस्फरस, म्हणजे माणसं जाळणारं रसायन, टाकतोस आणि मग कळतं, खाली सैनिकांबरोबर निर्वासितही होते. जळालेली आई, कुशीत मूल. मी ते विसरलेलो नाही. पण तो टाकल्याशिवाय गेम पुढे जातच नाही, आणि नंतर मलाच विचारते की तू हे का केलंस. दुसरी वाट न ठेवता दोष द्यायचा, हे मला लबाडीचं वाटतं. 'लास्ट ऑफ अस'मध्येही वाट नव्हती, मान्य. पण तिथे तो निर्णय जोएलचा होता, गेमने त्याचं पाप माझ्या माथी मारलं नाही, त्याच्या शेजारी मला उभं केलं. हा फरक बारीक आहे आणि त्यावर माझे मित्र माझ्याशी अजून वाद घालतात.

'गॉड ऑफ वॉर'चं एवढंच सांगतो. २००५ च्या पहिल्या गेममध्ये पिंजऱ्यातला एक जिवंत सैनिक चढावर ढकलत न्यायचा आणि दार उघडावं म्हणून जाळायचा, हे कोडं होतं. तो किंचाळत असतो, आम्ही पोरं हसत होतो. २०१८ च्या गेममध्ये तोच नायक, क्रेटोस, एका मुलाचा बाप झालाय. मुलाने पहिलं हरीण मारलंय आणि ते मरताना बघून तो हादरलाय. क्रेटोसचा हात त्याच्या पाठीकडे जातो, हवेत थांबतो, मागे येतो. दोन सेकंद असतील. ज्या हाताला मारण्याशिवाय काही येत नाही, त्याला पाठीवर ठेवता येत नाही. ज्याने ते ॲनिमेशन केलं त्याला तेरा वर्षांचे सगळे वार माहीत असणार, त्याशिवाय ते थांबणं इतकं अचूक येत नाही. ती क्लिप फ्रेम-फ्रेम करून बघ. खांदा आधी थांबतो, बोटं नंतर.

तर तुझ्या पोर्टफोलिओबद्दल. तू पाठवलेलं ॲनिमेशन मी बघितलं. वार उत्तम आहेत, पवित्रा बरोबर आहे, मागच्या पायावरचं वजन खरं वाटतं. शिक्षकांनी हात चांगला म्हटलं ते खोटं नाही. पण तू तीन माणसं पाडलीस आणि तिन्ही एकसारखी पडली. तिसरा तर पडायच्या आधीच चौकटीबाहेर गेला, कारण तुझा कॅमेरा नायकाबरोबर निघून गेला. तो वार काढू नकोस. कॅमेरा थांबव. नायकाला जाऊ दे चौकटीबाहेर.

मग त्या तिसऱ्या माणसाचं चार सेकंदांचं काम कर. त्यासाठी मोकॅप, म्हणजे अंगाची हालचाल टिपणारी महागडी यंत्रणा नको, मोबाइल पुरे. रविवारी सकाळी शिवाजी पेठेत ये, मी माझ्या मित्राला सांगून ठेवतो. गादी त्याच्याकडे आहे. तू स्वतः पड, निदान वीस वेळा, आणि पहिल्या दहा क्लिप टाकून दे, कारण त्यांत तू नाटक करशील. अकराव्यापासून पुढे बघ, तुझा हात काय शोधतो ते.